बुडाला रंग

मराठीत दुकान कुणी बंद करत नाही, वाढवतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. दिवा विझवत नाहीत, शांत करतात, आणि परत कधी तोंड दाखवायचं नाही असं मनाशी ठरवून निघालेला माणूससुद्धा उंबऱ्यावर ‘येतो’ असंच म्हणतो. त्यामुळे १९९८ सालच्या दिवाळीनंतर नीलम्मा हत्तरगी यांनी नवऱ्यासमोर जी अट ठेवली ती भाषेच्या रीतीला धरूनच होती. अडचण एवढीच होती, की ती पाळायची होती कोल्हापुरात, आणि पाळणाऱ्यांमध्ये शमशुद्दीन पेंटर होता.

अट अशी: बोटीला रंगाचा पहिला हात लागल्यापासून ती समुद्रात उतरेपर्यंत तिच्या आसपास ‘बुडाला’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. उच्चारला, तर नीलम्मा बोटीत बसणार नाहीत. आणि त्या आठवड्यात करायचं काम एकच होतं. बोटीच्या बुडाला रंग लावणं.

नवऱ्याचा, म्हणजे बसलिंगाप्पांचा, उद्यमनगरात फायबरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पुढं पत्र्याची शेड, मागं राहायच्या दोन खोल्या आणि मध्ये वर्षभर वाळत पडलेले साचे. ट्रॅक्टरची बॉनेटं, एसट्यांच्या सीटा, बालवाडीच्या घसरगुंड्या आणि लग्नाच्या मांडवापुढं उभे करायचे पोकळ हत्ती, असा त्यांचा माल असे. हत्तींना सोंड वेगळी बसवावी लागे आणि लग्नातली पोरं ती काढून नेत, म्हणून लग्नसराईत सोंडांचं वेगळं उत्पादन चाले. या सगळ्यात समुद्र कुठंच नव्हता. बसलिंगाप्पांचं बालपण गडहिंग्लजला गेलं, तिथल्या नदीत त्यांना कमरेपर्यंत पोहता येई. त्यापुढं पाणी आलं की ते काठावर येत.

मग एकदा रद्दीतून आणलेल्या गठ्ठ्यात इंग्रजी मासिकाची काही पानं निघाली. ट्रेलरवरून ओढून नेता येणारी, शिडाची छोटी बोट घरच्या घरी कशी बांधावी, याचे त्यात नकाशे होते. शेवटचं पान नव्हतं. बसलिंगाप्पांनी ती पानं साच्यावर पसरली, चष्मा पुसला आणि त्या दिवशीच्या घसरगुंडीच्या ऑर्डरीला नाही म्हटलं. इतिहासात याची नोंद नाही, पण उद्यमनगरात आहे, कारण ते त्याआधी कशालाच नाही म्हणाले नव्हते.

बोट व्हायला तीन वर्षं लागली. फायबर घरचं, शीड ताडपत्रीवाल्यानं शिवलेलं, डोलकाठी ॲल्युमिनियमच्या पाइपाची. मागच्या फळीवर शमशुद्दीननं हाताच्या सवयीनं ‘अंतर ठेवा’ लिहून टाकलं, ते बसलिंगाप्पांनी राहू दिलं. शमशुद्दीन जन्मभर ट्रकचे मागचे फाळके रंगवत आलेला, त्याला कुठल्याही वाहनाची मागची बाजू मोकळी बघवत नसे.

नकाशात बसायला नुसती एक आडवी फळी होती. बसलिंगाप्पांनी त्या जागी दोन आसनं केली. दुसऱ्या आसनाचं माप त्यांनी स्वयंपाकघरातल्या नीलम्मांच्या स्टुलावरून गुपचूप घेतलं होतं आणि नीलम्मांची पाठ धरते म्हणून त्याला टेका दिला होता. लग्नाला सव्वीस वर्षं होत आली होती, आणि दोघं मिळून जो काही प्रवास झाला तो टेम्पोत, मागं हत्ती घेऊन. एकदा तरी मागं काही न घेता बायकोला कुठंतरी न्यायचं, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा अर्थ होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बोट कशाला, असं कुणी विचारलं की ते ‘ट्रायल’ असं सांगत.

पहिली ट्रायल एका पावण्याच्या गावच्या तळ्यात झाली आणि तिनं सगळा घोटाळा करून ठेवला. ट्रेलरवर असताना पावसाचं पाणी निघून जावं म्हणून अशा बोटीच्या तळाशी एक भोक असतं. पाण्यात उतरवण्याआधी त्याला बूच मारतात. हे त्या शेवटच्या पानावर छापलेलं असणार. बसलिंगाप्पा शीड चढवून, हात जोडून, सगळ्या गावासमोर तळ्याच्या मध्यावर गेले आणि बोट त्यांच्यासकट सावकाश खाली जाऊ लागली. पाणी छातीइतकंच होतं. ते डोलकाठी धरून उभे राहिले. पण काठावरच्या गावानं एका आवाजात “बुडाला, बुडाला” असा जो गलका केला, तो नीलम्मांच्या कानात राहिला.

बोट बाहेर काढली, बूच बसवलं, पुढची दोन वर्षं ती त्याच तळ्यात बदकासारखी फिरली. दुसऱ्या आसनावर वजन म्हणून शमशुद्दीन बसे, आणि तो टेक्याला रेलून बिडी ओढताना बघितला की बसलिंगाप्पांना आतून कसंसंच होई. नीलम्मा काठावर यायच्या, डबा द्यायच्या, बसायच्या नाहीत.

“बोट बुडाली असती तर लोक ‘बुडाली’ म्हणाले असते,” त्या समजावून सांगत. “त्ये ‘बुडाला’ म्हणाले. म्हंजे कोण, तुमीच सांगा.”

व्याकरणाच्या बाजूनं यात खोट काढायला जागा नव्हती.

त्या दिवाळीला मालवणच्या एका ओळखीच्या माणसानं निरोप धाडला, की बोट महिनाभर आमच्या खाडीत ठेवा, खुशाल समुद्रात फिरवा. फक्त खाऱ्या पाण्यात नुसती ठेवू नका. पंधरवड्यात बुडाला शेवाळ धरेल, शिंपल्या चिकटतील आणि बोट म्हैस झाल्यासारखी चालेल. त्यासाठी तांब्याचा रंग मिळतो, तो मारून आणा. बसलिंगाप्पांनी वास्कोहून डबा मागवला. त्याच संध्याकाळी त्यांनी भाकरी मोडता मोडता बायकोला मालवणला येण्याबद्दल विचारलं. नीलम्मांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्या म्हणाल्या, येतो, बसतो पण. आणि मग ती अट घातली. वस्तूसमोर जे बोलावं ते वस्तू शिकते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या तळ्यात बोट नको ते शिकून आली होती. आता तिला विसरू द्यायचं.

बसलिंगाप्पा त्या रात्री इतके खूश होते, की अट नीट ऐकून घ्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी शमशुद्दीन आला आणि शेडच्या दारातूनच त्यानं विचारलं, “आप्पा, बुडाला कुठला कलर?”

नीलम्मा आतून बाहेर आल्या. तो उच्चार मोजायचा नाही, कारण डबा अजून उघडलेला नाही, असा निकाल बसलिंगाप्पांनी घाईघाईनं दिला आणि तो मान्य झाला. मग शमशुद्दीनला शेडबाहेर नेऊन सगळं समजावण्यात आलं. शमशुद्दीननं कान पकडले. ट्रकवाल्यांची कामं केलेल्या माणसाला अटींचं नवल नव्हतं. एक गिऱ्हाईक तर फाळक्यावर लिंबू काढून मागत असे, खरं लिंबू टांगलेलं असताना.

पण काम सुरू झालं आणि कळलं, की या शब्दावाचून बोटीच्या त्या भागाबद्दल काहीच बोलता येत नाही. ‘तळाला’ म्हणून बघितलं, तर नीलम्मा म्हणाल्या, तळाला जाणं म्हणजे तेच की वेगळं? बसलिंगाप्पांनी ‘बुडास’ असा सभ्य पर्याय काढला. “बुडास पॉलिश पेपर मारला,” असं एकदा म्हणून बघून शमशुद्दीन म्हणाला, की कोर्टाचं समन्स आल्यासारखं वाटतंय. त्यानंतर त्यानं स्वतः एक शब्द सुचवला. तो कोल्हापुरात रोज वापरात आहे, पण छापायची सोय नाही. नीलम्मा भिंतीकडं तोंड करून हसल्या, पण नाही म्हणाल्या.

तोडगा शेवटी त्यांनीच दिला. त्या नेसरीच्या, घरात कानडी. त्यांनी सांगितलं, आमच्यात झाडाच्या, भांड्याच्या खालच्या अंगाला ‘बुड’च म्हणतात, पण बुडाला असं म्हणायचं तर ‘बुडक्के’ म्हणतात. आणि पाण्यात बुडण्याला कानडीत शब्दच निराळा. तेव्हा ‘बुडक्के’ म्हणा, कुणाला बाधा नाही. बोटीला मराठी शिकवलीय, कानडी शिकवलेली नाही.

तेव्हापासून शेडमध्ये कानडी सुरू झाली. बुडक्के पेपर, बुडक्के प्रायमर. उद्यमनगरातले लेथवाले बघायला येत आणि शिकून जात. दोन दिवसांत शेजारच्या गॅरेजात एक मेस्त्री जीपखाली झोपून “बुडक्के ग्रीस लाव रं” असं ओरडताना ऐकू आला.

रंगाचं काम बसलिंगाप्पांनी आयुष्यात कुठलंच काम केलं नव्हतं एवढ्या लाडानं केलं. आधी तळ्याचं जुनं शेवाळ ओल्या पॉलिश पेपरानं घासून काढलं. तळ्याच्या पाण्यानं बोटीभोवती एक मळकी रेघ उठवलेली होतीच, तिच्या वर दोन बोटं चिकटपट्टी मारली. तिच्या खालचं सगळं पाण्यात, वरचं सगळं लोकांत. डबा उघडला तर वर तेल आणि खाली तांब्याचा गाळ, तो काठीनं ढवळता ढवळता शमशुद्दीनचा खांदा भरून आला. रंग भाजल्या विटेसारखा, आणि जराही चमक नाही.

शमशुद्दीनला हे सोसेना. डब्यावर अँटीफाऊलिंग असं लिहिलेलं, त्याचा त्यानं कबड्डीच्या अंगानं अर्थ लावला होता: फाऊल होऊ द्यायचा नाही. पण हा रंग समुद्रात हळूहळू झिजतो, आणि झिजताना चिकटलेल्या शिंपल्या घेऊन जातो, हे कळल्यावर तो पायरीवर बसला. त्याचा रंग पुसत नाही ही त्याची ख्याती होती. एक ट्रक दरीत गेला, वर आणला तेव्हा इंजिन नव्हतं पण ‘आई’ होती. आणि इथं झिजण्यासाठी म्हणून रंग लावायचा. दुपारी बसलिंगाप्पा जेवून आले तर हा वॉर्निशचा डबा घेऊन पहिल्या हातावर चमक चढवायच्या बेतात उभा. वॉर्निश चढलं असतं तर सगळा तांब्याचा रंग आत कोंडून बसला असता. बसलिंगाप्पांनी डबा काढून घेतला आणि त्याला फोन करायला पिटाळलं.

फोन करायचा होता नेसरीला. नीलम्मांची मोठी बहीण, जिला सगळे आक्काच म्हणत, तिचा मुलगा रुद्रेश याच्याकडं जीप होती. ट्रेलर तीच ओढणार होती. या रंगाचं असं, की शेवटचा हात वाळला की डब्यावरच्या मुदतीत बोट पाण्यात गेली पाहिजे, कोरडी राहिली तर रंगाचा गुण जातो. तेव्हा आता निघा, एवढाच निरोप. आक्कांच्या गल्लीत फोन विठाबाईंकडं होता.

पुढं काय झालं ते नंतर सगळ्यांनी मिळून जुळवलं. शमशुद्दीन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरला. लाईन अशी, की बोलणं चाळणीतून पडावं. त्यानं आधी इमानदारीनं ‘बुडक्के’ म्हटलं. विठाबाई माहेरच्या आजऱ्याच्या, त्यांना कानडी येत नव्हती. कसला बुडका, उसाचा काय, असं त्या विचारू लागल्या. शमशुद्दीननं मान बाहेर काढून अंतराचा अंदाज घेतला. इथून शेड दिसतसुद्धा नव्हती. तो स्वच्छ मराठीत ओरडला, “बसलिंगाप्पांच्या बोटीच्या बुडाला रंग लावून झाला. आता वेळ लावू नका, जीप घेऊन निघा.”

नेसरीला यातलं “बसलिंगाप्पा, बोटी, बुडाला” आणि “झाला” एवढं पोचलं. आणि जीप घेऊन निघा, हे तर स्पष्टच.

विठाबाईंचा आवाज एकदम बसला. कधी, असं त्यांनी विचारलं.

“आत्ताच, दुपारी. अजून ओला हाय.”

पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाईंना ओल्या रंगाची काळजी वाटली असावी असं समजून शमशुद्दीननं आणखी भर घातली, “तुमी येऊस्तवर कुणी हात लावनार न्हाई.”

फोन ठेवून तो समाधानानं परत आला. निरोप पोचल्याबद्दल त्याची खात्री होती, आणि ती खोटी नव्हती.

बसलिंगाप्पांनी तोवर शेवटचं काम काढलं होतं. बोट ट्रेलरच्या ज्या गादीच्या फळ्यांवर टेकते, तेवढी जागा रंगाशिवाय राहते. म्हणून जॅक लावून बोट वीतभर उचलायची, फळी सरकवायची आणि खाली पाठीवर झोपून तेवढे पट्टे भरायचे. त्यांनी पोतं अंथरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि रोलर घेऊन ते बोटीखाली सरकले. बाहेर फक्त पाय राहिले, त्यांवर लाल ठिपके. नीलम्मा आत चहा टाकत होत्या. शमशुद्दीन नळावर हात धूत होता.

दिवस मावळायच्या आत जीप आली. मागं टेम्पो. जीपमधून आक्का उतरल्या, त्यांच्यामागं विठाबाई, रुद्रेश आणि अर्धी गल्ली. आक्कांनी शेडमध्ये पाऊल टाकलं, बोटीखालून आलेले दोन पाय बघितले, आणि त्या जागच्या जागी बसल्या.

आक्का हेल काढून रडणाऱ्यांत पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या. असं रडणं म्हणजे नुसता आवाज नव्हे, त्यात गेलेल्याचं चरित्र येतं, आणि ते क्रमानं येतं. बोटीखाली बसलिंगाप्पांचा हात थांबला. लग्नापासून आजतागायत या बाईनं त्यांच्याबद्दल एक बरा शब्द काढलेला नव्हता. आता त्यांच्या कानावर येत होतं, की असा जावई शिवानं दुसरा घडवला नाही. तोंडात साखर, हातात कला. माझ्या लोणच्याला फायबरचा रांजण करून दिलास रं पावण्या, त्यो अजून गळत न्हाई.

हे काय चाललंय ते विचारायला हवं होतं. पण ओल्या रंगाची कड मध्येच सोडली तर तिथं वण उठतो. आणि खरं सांगायचं तर त्यांना पुढचं ऐकायचं होतं. त्यांनी रोलर अगदी हलक्या हातानं चालू ठेवला आणि कान दिला. सासऱ्याच्या आजारपणात केलेली धावपळ आली. हत्ती आले. रुद्रेशच्या लिंगदीक्षेला, म्हणजे लिंगायतांतल्या मुंजीला, पाठवलेली घसरगुंडी आली. बसलिंगाप्पांचे डोळे भरून आले, ते पुसता येईनात, हाताला तांबं होतं.

मग आक्कांचा सूर फिरला. चरित्रात तक्रारीचाही भाग असतो. “समदं केलंस रं पावण्या,” त्या म्हणाल्या, “पर माझ्या नीलाला कधी उंबऱ्याच्या भाईर न्हेलं न्हाईस.”

“न्हेतोय की परवा,” बोटीखालून आवाज आला.

पुढच्या घटकेचं वर्णन करणं अवघड आहे. विठाबाई एकदम बाहेरच्या टेम्पोत दिसल्या, त्या कशा चढल्या हे त्यांनाही सांगता आलं नाही. रुद्रेशच्या हातातला हार ट्रेलरच्या चाकात गेला. बसलिंगाप्पा सरपटत बाहेर आले ते कोपरापर्यंत लाल, त्यामुळं गल्लीतले जे दोघं-तिघं धीर धरून उभे होते तेही भिंतीला लागले. आक्का तेवढ्या हलल्या नाहीत. त्यांनी पावण्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. एवढं रडणं फुकट गेल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेला.

नीलम्मा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

“मावशी, फोन आलता,” रुद्रेश म्हणाला. “काका बुडाला म्हणून.”

बसलिंगाप्पांनी बायकोकडं बघितलं नाही, बोटीकडं बघितलं. शेवटचा पट्टा ओला होता आणि अगदी सारखा बसला होता. असा हात त्यांना पुन्हा साधला नसता. त्या सगळ्या लाल पृष्ठभागाचा आता काहीच उपयोग नव्हता. बोट मालवणला जाईल, दुसऱ्या आसनावर शमशुद्दीन बसेल आणि टेक्याला रेलून बिडी ओढेल.

नीलम्मांनी ट्रे स्टुलावर ठेवला. “म्हंजे झालं,” त्या म्हणाल्या. “मी येत न्हाई.”

शमशुद्दीननं पुढं होऊन बूथ किती लांब आहे ते सांगितलं. अट बोटीच्या आसपासची होती, आणि बूथच्या आसपास बोट नव्हती. नीलम्मांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो पुन्हा नळावर जाऊन धुतलेले हात धुऊ लागला. बसलिंगाप्पांनी तोंडाचं फडकं काढलं. बोलायचं खूप होतं. आसनाचं माप, टेका, हत्ती नसलेला प्रवास. त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, “चहा निवंल.”

“नीला, गप,” आक्का म्हणाल्या. त्या पदरानं डोळे पुसत उठल्या. “माझ्या सासऱ्याला विहिरीवर कावळा शिवलता, ध्यानात हाय का? डोस्क्यावर बसला सरळ. तवा काय केलं आमी?”

नीलम्मांच्या ध्यानात होतं. कावळा शिवणं म्हणजे मरणाची खूण. ती टाळायची रीत त्या भागात ठरलेली आहे. माणूस गेल्याची खोटी बातमी मुद्दाम लांबच्या नातेवाइकांना धाडायची. ते खरोखर रडले की मरण समजतं आपलं काम झालं, आणि माघारी जातं. सासऱ्यांची बातमी गडहिंग्लजला धाडली होती. त्यांची बहीण ऊर बडवत आली, आणि सासरे पुढं इतकी वर्षं जगले, की बांधावरून भांडणारे शेजारीच आधी गेले.

“तसं मुद्दाम बातमी धाडूनबी एवढं रडं येत न्हाई,” आक्का म्हणाल्या. “हितं तर कुणाला ठावंच न्हवतं. खरं रडलोय आमी. रडणं काय माघारी घेता येतंय? आता ह्यो माणूस बुडायचा न्हाई. बुडून झालाय.”

गोष्ट गंभीर होती, नीट तपासून घ्यायला हवी होती. त्यांनी विठाबाईंना टेम्पोतून खाली बोलावलं आणि डोळे बघितले. खरंच रडलीस का, असं विचारलं. विठाबाई म्हणाल्या, गडहिंग्लजपर्यंत सारखी रडत होतो, मग डोळा लागला. तेवढं चालण्यासारखं होतं. गल्लीतल्या इतरांचीही चौकशी झाली. रुद्रेशनं गाडी चालवताना रडता येत नाही असं सांगितलं, पण घाटात एकदा गळा दाटल्याचं कबूल केलं. आक्कांना विचारायची गरज नव्हती, त्यांचा आवाज अजून घोगरा होता.

नीलम्मांनी ट्रे उचलला. पहिला कप आक्कांना दिला, दुसरा नवऱ्याच्या हातात देताना त्याचे लाल हात बघून तो कट्ट्यावर ठेवला.

“घ्या समद्यांनी,” त्या म्हणाल्या. मग बोटीकडं हनुवटी करून त्यांनी विचारलं, “बुडाला अजून एक हात मारायचा राहिलाय न्हवं?”

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग शमशुद्दीन नळावरून “बुडाला?” असं हळूच म्हणाला, जीभ पोळते का बघावं तसं. काही झालं नाही. तो पुन्हा म्हणाला. त्यानंतर त्या शेडमध्ये जे सुरू झालं त्याला धरबंधच राहिला नाही. बुडाला रोलर, बुडाला ब्रश, बुडाला किती गोड रंग दिसतोय बघा. टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा कारण नसताना एकदा म्हणून गेला. आक्का चहात खारी बुडवताना हसू लागल्या, त्यांना ठसका लागला आणि विठाबाईंनी त्यांच्या पाठीत बुक्क्या घातल्या. बसलिंगाप्पांना उभं राहवेना. ते ट्रेलरच्या दांड्यावर बसले आणि त्यांना आपोआप हसू येऊ लागलं. नंतर ते थांबेना, आणि पोटात दुखायला लागल्यावरही ते चालूच राहिलं.

मालवणला सगळेच गेले. मयतीला म्हणून निघालेली माणसं कामाधंद्याला सुट्टी सांगून आलेली असतात, ती एवढ्या लवकर घरी कशी जातील? ट्रेलर जीपच्या मागं, टेम्पो ट्रेलरच्या मागं, आणि मध्ये बोटीवर ‘अंतर ठेवा’. आंबोलीच्या घाटात टेम्पोवाल्यानं ते पाळलंही.

खाडीच्या उतारावर जीप मागं घेतली, ट्रेलर पाण्यात गेला आणि बोट अलगद उचलली गेली, तिला कुणी हाक मारल्यासारखी. बूच नीलम्मांनी दोनदा स्वतः दाबून बघितलं होतं. मग त्यांनी चपला आक्कांच्या हातात दिल्या, नऊवारीचा ओचा सावरला आणि त्या दुसऱ्या आसनावर बसल्या. बसल्यावर त्यांनी एकदा खाली, एकदा मागं टेक्याकडं बघितलं. मग पाठ टेकली. बसलिंगाप्पा दोरी सोडताना गाठीऐवजी शिडाचं टोक ओढत राहिले, हे त्यांना बऱ्याच वेळानं कळलं.

खाडीच्या तोंडाशी वारा लागला. बोट एका अंगाला कलली तशी नीलम्मांनी डोळे मिटून नवऱ्याचं मनगट धरलं. बोटीला आता चिकटलेलं काहीच नव्हतं, ती नुसती सुटली. पाणी दोन्ही बाजूंनी कापडासारखं फाटत होतं. नीलम्मांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग त्यांनी मनगट सोडलं आणि हात बाहेर काढून पाण्यात धरला, आणि तोंडावर उडालेल्या पाण्यावर त्या मोठ्यानं हसल्या. ते हसणं बसलिंगाप्पांनी घरात कधी ऐकलं नव्हतं. घर लहान होतं, म्हणून असेल.

काठावर आक्का दोन्ही हात हलवून बोलावत होत्या, माघारी या म्हणून. त्यांच्या हातात अजून चपला होत्या, त्यामुळं दुरून कुणाला तरी मारायला निघाल्यासारख्या दिसत होत्या.

“आक्का बोलावत्यात,” बसलिंगाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज वाऱ्यात कुठल्या कुठं गेला. “वळवू का?”

नीलम्मांनी मागं बघितलंच नाही. त्या पुढं बघत होत्या, जिथं नुसतं पाणी होतं.

“पलीकडं कुठलं गाव?” त्यांनी विचारलं.

“गाव न्हाई. थेट अरबस्तान.”

नीलम्मांनी पदर कमरेला खोचला आणि पाय पुढं ताणून दिले.

“मग एवढ्यात वळवू नका,” त्या म्हणाल्या.